न झालेला अपघात

दुकानाचं शटर अर्धं वर करून मी एका शेतकऱ्याची जळालेली मोटर उघडत बसलो होतो, तेव्हा बाहेर कुणीतरी माझ्या गाडीशेजारी उकिडवं बसलेलं दिसलं. आधी वाटलं, चाकातली हवा सोडतोय. उठून बघितलं तर साळोखेसाहेब. माझ्या बहिणीचे, वृषालीचे, होणारे सासरे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि अंगठ्यानं माझ्या मोटारसायकलचा फूटरेस्ट घासून बघत होते.

"साहेब, आत या ना. बाहेर काय बसलाय?"

"गाडी हीच का?"

"हीच. का?"

"घरी दुसरी नाही ना?"

"नाही."

ते सावकाश उठले, हँडलच्या दोन्ही टोकांवरून हात फिरवला, आरसा हलवून बघितला. मग आत येऊन स्टुलावर बसले.

"इंडिकेटर कंपनीचेच आहेत अजून," ते म्हणाले. "कुठल्या अंगावर पडलात?"

"कोण?"

"तुम्ही."

"मी कुठं पडलो?"

साळोखे हसले. आयुष्यभर ठोकलेल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासण्यात गेलेला माणूस तो. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. खिशातून टेप काढली आणि म्हणाले, "मी आलो होतो तुमचं माप घ्यायला. कानपिळीच्या पोशाखाचं."

आमच्याकडं लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, आणि मुलाकडच्यांनी त्याला पोशाख करायचा, अशी रीत आहे. पण पोशाखाचं माप घ्यायला मुलाचा बाप स्वतः टेप घेऊन कोल्हापुराहून वडगावला येतो, असं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी उभा राहिलो. त्यांनी छाती मोजली, खांदे मोजले. मग म्हणाले, "जरा मान वळवा."

"मानेचं माप कशाला?"

"कॉलरला लागतं."

मी वळवली. माझी मान त्या दिवसांत एका मर्यादेपुढं वळत नव्हती, तेव्हा मी सगळा खांदाच वळवला. ते अगदी जवळ आले. इतके जवळ की त्यांनी नाकानं श्वास ओढला तो मला ऐकू आला.

"डोळा लाल दिसतोय."

"येतो अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे, सुट्टीच्या दिवशी वगैरे?"

"तसं काही ठरलेलं नसतं, साहेब."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळून निघून गेले. त्यांनी एकही आकडा कुठं लिहून घेतला नव्हता.

माझा स्वभाव मुळातच संशयी. गिऱ्हाईक म्हणालं मोटर आपोआप जळली, की मी आधी विचारतो, ट्रिप होऊ नये म्हणून स्टार्टर कुणी बांधून ठेवला होता. त्यामुळं साळोखे गेल्यावर हातातलं काम राहिलं आणि मी विचार करत बसलो. मी आयुष्यात गाडीवरून पडलो नव्हतो. मग मी पडलो हे साळोख्यांना सांगितलं कुणी? आणि का?

पाठ आणि मान धरण्याचं कारण होतं, पण ते आमच्या घरातल्या चौघांनाच माहीत होतं. गेली सहा-सात वर्षं पहाटे पहाटे कंबर अशी आखडायची की कूस बदलता येईना. उठून चार फेऱ्या मारल्या की मोकळी व्हायची. घरचे म्हणायचे, दिवसभर मोटरी उचलतोस, दुसरं काय होणार. शेवटी डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी डोळ्याला औषध दिलं आणि कंबरेसाठी मिरजेला धाडलं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. नाव घेता घेताच मान धरावी असलं.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते तीच उलटते आणि आपल्याच मणक्यांवर, सांध्यांवर, कधी डोळ्यांवरही चालून जाते. सूज येते, आणि वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही तर मणके एकमेकांना जुळून जातात. "तुमच्या रक्तात एचएलए बी-सत्तावीस नावाचा जनुक सापडलाय. हा आईकडून किंवा वडिलांकडूनच येतो. पण म्हणून घाबरायचं नाही. हा जनुक असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात काहीही होत नाही. शक्यता वाढते, एवढंच. घरात कुणाची पाठ वाकलेली आहे?"

"मामा आहेत वाकलेले. पण ते तरुणपणी पाडव्याला विहिरीत पडले होते, आई सांगते."

"असं का," बाई म्हणाल्या.

त्यांच्या त्या 'असं का'चा सूर मला आवडला नव्हता. निघताना मी विचारलं, बहिणीचं लग्न ठरलंय, तिची तपासणी करू का. त्या म्हणाल्या, "तिला काही त्रास आहे?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला? माणूस बरा असताना नुसत्या रिपोर्टनं त्याला आजारी करायचं नसतं."

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं होतं. आईनं शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नव्हतं. "आमच्यात कुणाला नाही," म्हणाली होती. आणि मग, "लग्न होईपर्यंत बाहेर कुठं बोलू नको."

साळोखे येऊन गेले त्या दिवशी घरी गेलो तेव्हा आई भाकरी थापत होती.

"आई, मी गाडीवरून कधी पडलो?"

"कोण म्हणालं?"

"साळोखे."

"मग तू काय म्हणालास?"

बघा. 'भलतंच काय' नाही, 'छे' नाही. मी काय म्हणालो, याचीच तिला पहिली काळजी.

"पडलो नाही म्हणालो. पडलो नव्हतोच."

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं पाठ केली. आतून वृषाली म्हणाली, "हो म्हणायचं होतंस, दादा. एवढं काय त्यात."

"म्हणजे तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

वडील, म्हणजे अण्णा, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "लग्न होऊ दे. मग काय ते बघू." अण्णांचं हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं, त्यामुळं त्यावरून काही कळायचं नाही. पण त्या दिवसापासून मी घरातल्या तिघांवरही नजर ठेवायला लागलो. आई आणि वृषाली स्वयंपाकघरात बोलत असल्या आणि मी गेलो की गप्प व्हायच्या. मग तर माझी खात्रीच पटली, की हे घरातूनच गेलंय.

एकदा अण्णा दाढी करत होते तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा कुठं पडले होते हो?"

"जांभळावरनं," अण्णा आरशात बघत म्हणाले.

"विहिरीत ना?"

"विहिरीत? मग विहिरीत असंल. पाडव्याचा दिवस होता एवढं आठवतंय."

मी साताऱ्याच्या मावशीला फोन लावला. ख्यालीखुशाली झाल्यावर मामांचा विषय काढला. मावशी म्हणाली, "बैलगाडीवरनं पडला बिचारा. ऐन पाडव्याला." एक माणूस तीन ठिकाणी पडतो आणि एकदाच वाकतो, आणि दिवस मात्र तिघांच्याही पक्का ध्यानात असतो, हे मला काही पटेना.

तेवढ्यात दुसरीकडून बातमी आली. दुकानाशेजारचा पानपट्टीवाला रमजान म्हणाला, "शेठ, तुमचं पाव्हणं आलतं परवा. पांढरा शर्टवालं. इचारत हुतं, धैर्यशील संध्याकाळी कुठं बसतो."

"मग?"

"म्या म्हटलं दुकानातच बसत्यात. तर म्हणलं, तसं नव्हं, बसतो कुठं. मग समोरच्या बारात जाऊन इचारून आलं."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लाल डोळा, ताठलेली मान, घरचे म्हणतात अपघात झाला, मुलगा म्हणतो झालाच नाही, आणि गाडीवर ओरखडा नाही. साळोख्यांच्या हिशेबानं मी पिऊन कुठंतरी धडपडणारा माणूस होतो, आणि घरचे ते झाकत होते. मला हसू आलं, आणि मग लग्न आठवलं. साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला, वृषालीच्या मैत्रिणींना पत्रिका गेलेल्या. आणि हे लग्न आता माझ्या न प्यायलेल्या दारूपायी मोडणार होतं.

त्याच संध्याकाळी वृषाली गच्चीवर आली. मी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करत होतो.

"संग्रामचा फोन होता," ती म्हणाली. संग्राम म्हणजे तिचा होणारा नवरा. "विचारत होता, तुझा भाऊ पितो का."

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. तर म्हणतो, मग अपघाताचं काय लपवताय. रविवारी येणार आहेत सगळे. बोलायला."

"त्यांना पडल्याचं कुणी सांगितलं, वृषाली? खरं सांग."

"मी नाही."

"मग गेल्या आठवड्यात मिरजेला कशाला गेली होतीस?"

तिनं दोरीवरचे कपडे काढायला घेतले. मग म्हणाली, "ब्लाऊज शिवायला टाकले."

वडगावातल्या कुठल्याही पोरीला विचारा, ब्लाऊज शिवायला कुठं जातेस. कोल्हापूर सोडून मिरजेला जाणारी एक सापडली तर मला कळवा. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. ती रक्त तपासायला गेली होती, हे मला कळलं आणि मला कळलंय हे तिला कळलं. पण ती काही बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या स्वभावाप्रमाणं लावला. तिच्यातही निघालं असणार. म्हणून तर माझी पाठ अपघाताच्या नावावर घालायची होती तिला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी शिराळ्याकडची एसटी पकडली.

हिंदुरावमामा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांची पाठ अशी वाकलेली की उभं राहिलं तरी नजर जमिनीवरच. माणसं ते पायांवरून ओळखायचे. समोरच्याचं तोंड बघायचं असलं तर लाकडी खुर्ची मागं कलती करून भिंतीला टेकायचे, तेव्हा कुठं नजर वर यायची. मी उंबऱ्यात पाय ठेवला तसे म्हणाले, "धैर्या का? चप्पल नवी घेतलीस व्हय."

मामी चहा ठेवून गोठ्याकडं गेली. मी सरळच विचारलं.

"मामा, तुम्ही पडला कुठं?"

"इंदीनं धाडलं तुला?" इंदी म्हणजे माझी आई.

"नाही. आई विहीर म्हणते, अण्णा जांभूळ म्हणतात, मावशी बैलगाडी म्हणते."

मामांनी खुर्ची मागं कलती केली आणि माझं तोंड बघितलं. मग हसायला लागले. "जांभूळ तुझ्या बापानं काढलं असणार. त्येला काय नीट पाठ हुईत न्हाई. विहीर ठरली हुती."

"ठरली होती म्हणजे?"

"म्हंजी ठरली हुती. तुझ्या आईचं स्थळ आलं तवा मी तुझ्याएवढा असंन. सकाळी उठायचं म्हंजी जीव जायचा. मान हळूहळू खाली चाललेली. त्यात आमची आत्ती, बाबांची भैण, तशीच वाकून घरात बसलेली. बघाय येणार माणसं. एक वाकलेलं चालतंय, दोन दिसली की म्हणणार, ह्यांच्या रक्तातच खोट हाय. मग आत्तीला धाडली तिच्या लेकीकडं. आन बाबा मला म्हणालं, हिंदुराव, तू विहिरीत पडला हुतास. म्या म्हटलं, कवा? म्हणालं, पाडव्याला."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय करतो? भैण हाय माझी."

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"डॉक्टरांना तरी खरं सांगितलं होतंत का?"

मामांची खुर्ची पुन्हा सरळ झाली, नजर पुन्हा माझ्या पायांवर.

"न्हाई. विहीरच सांगितली."

"का?"

"एकदा एकाला सांगितलं की मग समद्यांस्नी त्येच सांगाय लागतंय. गावचा डॉक्टर तुझ्या बापाच्या वळखीचा. मग कोल्हापूरला गेलो. त्या डॉक्टरनं फोटो काढला. म्हणला, मोडल्यालं कुठं दिसत न्हाई. म्या म्हटलं, नीट बघा, पाडव्याला पडलोय. तर त्यो बिचारा परत परत बघायचा. मग हाडवैद्याकडनं वढून घेतलं. पट्टा बांधला. काय काय केलं. पडल्याल्या माणसाचं जेवढं करत्यात तेवढं समदं केलं."

मी चहा तसाच ठेवला. मिरजेच्या बाई म्हणाल्या होत्या, वेळेवर कळलं की आता चांगली औषधं आहेत, व्यायाम आहे, माणूस ताठ राहतो. मामांच्या वेळी औषधं एवढी नव्हती हे खरं. पण त्यांच्या पाठीत काय आहे हे कुणी कधी शोधलंच नाही, कारण ते मामांनीच शोधू दिलं नाही. आणि सहा-सात वर्षं माझीही कंबर मोटरी उचलून दुखत राहिली, कारण आमच्या घरात वाकलेली माणसं फक्त पडल्यामुळं वाकत होती.

"साळोख्यांना कुणी सांगितलं मामा, मी पडलो म्हणून?"

"म्या," मामा म्हणाले. "साखरपुड्यात त्यो माझ्या शेजारी येऊन बसला. एकदा तुझ्याकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. म्हणला, भाच्याची मान बी जरा तशीच वाटतीया. माझ्या तोंडातनं निघून गेलं, गाडीवरनं पडलाय म्हणून. सवयच लागल्याली रं. घरी जाताना इंदीच्या कानावर बी घातलं. ती म्हणाली, बरं केलंस." मग म्हणाले, "आता मला काय ठावं, त्यो अपघाताचाच मास्तर हाय."

"रविवारी येता का वडगावला?"

"तुझ्या आईला चालंल व्हय?"

"मला चालेल."

रविवारी मी जीप करून मामांना घेऊन आलो. साळोखे, त्यांची बायको आणि संग्राम आधीच येऊन बसले होते. मामांना दारात बघून आईचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं बघायला लागलो.

पोहे खाऊन झाल्यावर साळोख्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गाडीला अपघात झालेला नाही. मुलगा स्वतः म्हणतो पडलो नाही. डोळे लाल असतात. आता मुलीचा भाऊ घेतो म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही, पण तुम्ही लपवलंत, ते मला खटकलं."

"पडलाच होता तो," आई म्हणाली. "मी स्वतः हळद लावलीय त्याच्या पाठीला."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, लावली असेल.

"इंदे, बास आता," मामा म्हणाले. त्यांना खुर्ची कलती करायला भिंत लांब होती, त्यामुळं ते जमिनीकडं बघतच बोलत होते. "साहेब, ह्यो पडला न्हाई. आन मी बी पडलो न्हाई. आमच्या घरात कोण कवा पडल्यालं न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. जनुक, मिरज, मामांची आत्या, डोळ्याची सूज. साळोखे बारकाईनं ऐकत होते, मधेमधे प्रश्न विचारत होते. शेवटी आपल्या बायकोकडं वळून म्हणाले, "म्हणजे पीत नाही तो." खरोखर बरं वाटलं होतं त्यांना. मलाही वाटलं, सुटलो.

मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"म्हणजे हे आईकडून आलं."

"हो."

"मग मुलीतही असू शकतं."

"निम्मी शक्यता," मी म्हटलं. "आणि असलं तरी बहुतेकांना काहीच होत नाही. डॉक्टर म्हणाल्या, त्रास नसेल तर तपासूसुद्धा नका."

"पण तपासता येतं ना? मग तपासून घ्या. नसलं तर आमची काही हरकत नाही, ठरल्या मुहूर्तावर लग्न. संग्राम, तुला काय वाटतं?"

संग्राम म्हणाला, "बाबा म्हणतात त्यात चूक काही नाही."

सगळ्यांनी वृषालीकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला माहीत होतं तिला निकाल माहीत आहे. ती खोटं सांगेल की काय, की खरं सांगून सगळ्यांसमोर रडेल. तिनं मामांकडं बघितलं. मामा अजून जमिनीकडंच बघत होते.

"मी कसलाही रिपोर्ट दाखवणार नाही," ती म्हणाली.

"अगं, करून घे ना," आई काकुळतीला आली. "नसेलच तुझ्यात. देवाच्या दयेनं नसेलच."

"नाही, आई."

साळोख्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "नाही म्हणणं हेही एक उत्तरच असतं, ताई," ते वृषालीला म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. आयुष्यभर त्यांनी असंच ठरवलं असेल, कागद नाही तर दावा नाही. ते उठले, त्यांच्या मागून बायको उठली, आणि संग्राम सगळ्यात शेवटी उठला. जाताना त्यानं वृषालीकडं बघितलं, पण थांबला नाही.

ते गेल्यावर अण्णांनी आईला एवढंच विचारलं, "म्हणजे पाडव्याचं काहीच नव्हतं?" आईनं पोह्यांच्या बश्या उचलल्या. माझ्याशी ती पुढं कित्येक महिने बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुझ्या खऱ्यानं पोरीचं वाटोळं केलं." मला ते लागलं, आणि खरंही वाटलं.

मामांना मी मिरजेला घेऊन गेलो. जुळलेले मणके सुटत नसतात, पण डोळ्यांची सूज त्यांनाही होती; ते डोळे वाचले आणि दुखणं पुष्कळ कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधी सुरू झालं, तर मामांनी तासभर सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वृषालीनं पुढं नोकरी धरली, कराडच्या एका मास्तराशी लग्न केलं. त्याला तिनं पहिल्या भेटीतच माझं, मामांचं, सगळं सांगितलं म्हणे. तिला दोन मुलं झाली. मी मात्र माझी नजर सोडली नाही. दिवाळीला आली की ती पाटावरून कशी उठते हे बघायचो. सकाळी उशिरा उठली की विचारायचो, कंबर दुखते का. एकदा तिचा डोळा धुरानं लाल झाला तर मी औषध घेऊनच दारात उभा. ती हसायची. मला वाटायचं, लपवतेय. माझ्यापेक्षा मोठं ओझं ती एकटीच वाहतेय, असं मला वाटायचं, आणि त्याचं वाईट वाटायचं.

पुढं माझंही लग्न झालं. मामा गेले. माझी मुलगी चौदा वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, सकाळी टाच दुखते. या आजाराची सुरुवात टाचेतूनही होऊ शकते, म्हणून मी तिला ताबडतोब मिरजेला नेलं, पहिल्याच दिवशी सगळा इतिहास सांगितला, मामांच्या आत्यापासून. घरी आल्यावर वृषालीला फोन केला.

"तुझ्या पोरांवरही लक्ष ठेव," मी म्हटलं. "सकाळी पाठ धरते का, डोळे लाल होतात का. तू लपवलंस ते लपवलंस, पोरांचं लपवू नको."

पलीकडं तिनं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"दादा, माझ्याकडून त्यांना ते मिळायचं नाही," ती म्हणाली. "माझ्यात नाहीच ते."

"काय नाही?"

"तो जनुक. मी मिरजेला गेले होते ना, ब्लाऊज म्हणून. त्या रविवारी साळोखे यायच्या आदल्या दिवशीच निकाल कळला होता."

मी सोफ्यावर बसलो. त्या सोफ्यावर मी मान न वळवता बसायला शिकलो आहे, पण त्या दिवशी नुसताच बसलो.

"मग तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर लग्न झालं असतं तुझं."

"झालं असतं."

"मग?"

"मामा समोर बसले होते, दादा. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा म्हणाले होते, मी पडलो नाही. आणि त्यांच्यासमोर मी काय म्हणायचं होतं? माझ्यात ती खोट नाही, मला घेऊन जा?"